भागावहिनीची यादी आणि एकशे सतरावं नाव

…नाही, पण तुम्ही आधी मला एक सांगा, नवं झालं म्हणजे जुन्याला ओळख द्यायची नाही, असं कुठं लिहिलंय? कुठल्या कायद्यात? मी सातवी नापास माणूस, मान्य, पण सातवीपर्यंतच्या पुस्तकांत तरी हे आलं नव्हतं, आणि पुढे आलं असेल तर बरंच झालं मी नापास झालो! अहो, नवी सून घरात येते, ती पहिल्या दिवशी सासऱ्याच्या चुलत्याच्या पाया पडते की नाही? तिला काय माहीत हा म्हातारा कोण, कुठला, जिवंत कसा… पण पडते! मागून कोणीतरी कानात सांगतं, 'पड', की पडते. आणि हा जळगावचा कॉम्प्युटर! एवढा लखलखीत, बोट लावलं की जागा होतो, आणि आमच्या भागावहिनीची यादी समोर ठेवली तर म्हणतो काय, 'ही फाईल मी ओळखत नाही!' ओळखत नाही? अरे, तुझा बाप ओळखायचा!

हां, पण थांबा, तुम्हाला भागावहिनीच माहीत नाही तर यादी काय कळणार.

भागाबाई म्हणजे आमच्या चुडामणची बायको. चुडामण म्हणजे माझा दोस्त, धरणगावकडचे आम्ही, गिरणेत दोघं एकाच म्हशीचं शेपूट धरून पोहायला शिकलो, आणि त्या म्हशीचे आभार आजवर कोणी मानले नाहीत. वहिनीला जाऊन आता सात वर्षं झाली. अंगठाबहाद्दर बाई, पाटीवर रेघ ओढली नाही आयुष्यात, पण डोकं? आमच्या खान्देशात लग्नाचं आवतण म्हणजे नुसती पत्रिका नसते, तुम्हाला सांगतो, ते राजकारण असतं! कोणाला आधी, कोणाला मागून, कोणाला समक्ष जाऊन, कोणाला पोराच्या हाती, कोणाकडे चहा घेतल्याशिवाय उठायचं नाही आणि कोणाकडे चप्पलसुद्धा काढायची नाही… एक घर मागेपुढे झालं की पुढची पंधरा वर्षं तो माणूस तुमच्या दारावरून जाईल, पण तोंड गाईकडे करून! आणि अशी दोनशे बारा घरं, धुळ्यापासून मुक्ताईनगरपर्यंत, वहिनीच्या डोक्यात ओळीनं लावलेली, फडताळात डबे लावावेत तशी. यावलच्या मामाला पत्रिका मावशीच्या आधी जायची, पण मावशीला पक्कं वाटायचं की आधी तिलाच आली. कसं करायची? देव जाणे. तिनं लावलेल्या एकाही लग्नात एकही माणूस रुसला नाही. आमच्याकडे! जिथं नवरदेव स्वतः रुसतो!

तर दोन हजार तीनचा मे महिना. चुडामणच्या लेकीचं, उषाचं लग्न. जळगावला प्रकाशभाऊचं पत्रिकांचं दुकान. हा प्रकाशभाऊ तेव्हा संध्याकाळच्या क्लासला जाऊन कॉम्प्युटर शिकला होता आणि त्यानं स्वतःच्या हातानं एक प्रोग्राम लिहिला होता. नावं टाका, गावं टाका, की पाकिटावर चिकटवायच्या पट्ट्या छापून बाहेर! इतका गर्व त्याला त्या प्रोग्रामचा की गिऱ्हाईकाला पाणी विचारायच्या आधी प्रोग्राम दाखवायचा. मे महिन्यात! जळगावात! लोक तहानेनं मरताहेत आणि हा म्हणतोय, 'हे बघा, बटण दाबलं की गाववार होतं.'

वहिनी खुर्चीवर मांडी घालून बसली, डोळे मिटले आणि सुरू झाली. 'लिख भाऊ. पयला, असोदाना हेमराज मामा…' नाव सांगायची, गाव सांगायची, आणि वर त्या माणसाविषयी दोन शब्द सोडून द्यायची, आणि प्रकाशभाऊ बापडा कानावर पडेल ते सगळं बडवत बसलेला. दोन तास! मी आणि चुडामण बाकावर. चुडामण झोपलेला. आणि मला, तुम्हाला सांगतो, दोन तास गप्प बसवलं की माझ्या अंगात येतं. एकशे सोळा नावं झाली, उसाचा रस आला, वहिनी तोंड धुवायला मागं माठाकडं गेली, आणि मी हळूच प्रकाशभाऊच्या कानाशी गेलो. म्हटलं, 'लिही. एकशे सतरा. श्री. प्रेमराज.'

'आडनाव?'

'नाही वापरत.'

'गाव?'

'आमचंच.'

'नातं?'

आता बैलाचं नातं काय सांगायचं? हो, बैल! प्रेमराज म्हणजे माझा बैल! डावं शिंग कानाकडं वळलेलं, जसं काही कायम कोणीतरी त्याला गुपित सांगतंय. मी म्हटलं, 'नातं लिही, घरचाच.' आणि श्री. विसरू नको म्हटलं, मान असतो त्याला.

'घरचाच' हे मी काही खोटं सांगितलं नाही हं. बैल माझा होता, पण दावणीला असायचा चुडामणच्या गोठ्यात, माझ्या घरी कोण होतं त्याला बघायला? माझी बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षीच वारली, पोरबाळ नाही. वहिनीनं हाक मारली की तो मान वळवायचा. मी मारली की शेपूट वळवायचा. पोळ्याला पहिली पुरणपोळी त्याला, मग चुडामणला. चुडामण कुरकुर करायचा तर म्हणायची, 'तो तुमच्यापेक्षा जास्त काम करतो आणि कमी बोलतो.'

तर वहिनी परत आली, उरलेली नावं झाली, आणि म्हणाली, 'भाऊ, आते बठ्ठी वाच.' म्हणजे आता सगळी वाच. अंगठाबहाद्दर बाई, पण दस्तऐवज वाचून घेतल्याशिवाय उठायची नाही! प्रकाशभाऊ वाचतोय, मी बाकावर. एकशे पंधरा… सोळा… 'एकशे सतरा, श्री. प्रेमराज, घरचाच.' वहिनीचे डोळे मिटलेले. आणि काहीच नाही! पापणी हलली नाही! 'एकशे अठरा, उखर्डू.' म्हणजे मी! बैल वरती, मी खालती, आणि ती मान डोलावतेय! मला एवढं हसू दाटलं की टमटम बघतो म्हणून बाहेर पळालो आणि विजेच्या खांबाला धरून हसलो. भागाबाईला फसवणारा अख्ख्या तालुक्यात मी एकटा! छाती अशी फुगली… तेव्हा होती छाती.

पुढं तर मजाच झाली. पत्रिका छापून आल्या, चुडामण पाकिटं लावतोय आणि मध्येच थांबला. 'उखर्डू, हाऊ प्रेमराज कोन शे रे?' मी म्हटलं, 'अरे, वहिनीच्या माहेरचा असेल कोणी, सुरतेला असतो वाटतं, दे, मी पोचवतो.' बायकोच्या माहेरच्या माणसाविषयी दुसऱ्यांदा विचारायची हिंमत कोणत्या नवऱ्याला असते? आणि मी पोचवली! गोठ्यात गेलो, पाकीट समोर धरलं. त्यानं वास घेतला आणि हळदीकुंकवासकट खाऊन टाकलं. आवतण इतकं मनापासून स्वीकारणारा पाहुणा मी दुसरा पाहिला नाही. दोन हजार नऊला चुडामणच्या मोठ्या पोराचं, विक्रमचं लग्न, पुन्हा तीच यादी, पुन्हा पाकीट, पुन्हा खाल्लं. दोन हजार चौदाला धाकट्या लीलाधरचं लग्न, पुन्हा पाकीट आलं… पण तेव्हा तो नव्हता. बारा सालीच गेला. शेताच्या बांधावर निंबाखाली त्याला पुरलाय. मी पाकीट घेऊन तिथं गेलो, दगडाखाली ठेवलं. म्हटलं गंमत पूर्ण करावी. मग तिथंच बसून राहिलो अर्धा-पाऊण तास… जाऊ द्या. काय सांगत होतो? हां, कॉम्प्युटर!

आता चुडामणच्या पुतणीची पोरगी रत्ना, लहानपणापासून चुडामणच्याच घरात वाढलेली, तिचं लग्न ठरलं धुळ्याला. वहिनी गेल्यानंतर या घरातलं पहिलं लग्न. चुडामणनं पेटी उघडली, यादीचा छापील कागद काढायला, तर वाळवी! पहिल्या पानावरचा हेमराज मामा तेवढा कोपऱ्यात उरला होता, तोही अर्धा. चुडामण माझ्याकडे आला. तो रडत नाही, तुम्हाला सांगतो, तो टोपी काढतो. टोपी काढून ओट्यावर बसला. म्हणाला, 'उखर्डू, तिचा एक फोटो आहे, त्यात तिनं डोळे मिटलेत. लिहिलेलं तर काहीच नाही. तिच्या तोंडचं म्हणावं असं ती यादीच होती रे.' मग म्हणाला, 'आते काय करानं, भो?' मी म्हटलं, 'येड्या, प्रकाशभाऊच्या कॉम्प्युटरला वाळवी लागते का? चल!'

मोठ्या तोऱ्यात गेलो आम्ही. प्रकाशभाऊ आता गल्ल्यामागं बसतो, मोतीबिंदूचा चष्मा, ह्या एवढ्या काचा, त्यातून तो सगळ्यांना सारखाच मोठा समजतो. काम बघते त्याची सून ललिता. चटपटीत पोरगी, पुण्यात शिकलेली, बोटं अशी चालतात की शेंगा सोलतेय. तिनं फाईल शोधली. सापडली! नाव बरोबर, तारीख बरोबर, दोन हजार तीन, मे. चुडामणनं टोपी नीट केली. ललितानं बटण दाबलं आणि लाल चौकट आली. पुन्हा दाबलं. पुन्हा लाल.

'नाना,' ती मला म्हणाली, 'जुनी फाईल आहे, नवी लायब्ररी ओळखत नाही.'

लायब्ररी? मी लायब्ररीत आयुष्यात एकदाच गेलो, तेही तिथं पंखा होता म्हणून. म्हटलं, पोरी, ज्ञान पाजळू नको, मराठीत सांग. मग तिनं समजावलं. म्हणे प्रोग्राम लिहिणारा सगळंच स्वतः लिहीत नाही. फाईल वाचायची, लिहायची, ही कामं दुसऱ्या कोणी आधीच लिहून ठेवलेली असतात, ती आणून आपल्या प्रोग्रामला जोडायची, तिला लायब्ररी म्हणतात. मी म्हटलं, 'म्हणजे पुरण आपलं, पाटा शेजारणीचा.' म्हणाली, 'अगदी!' तर शेजारणीनं पाटा बदलला. गेल्या वर्षी नवी लायब्ररी आली, हिनं आणून घातली, सगळं पळायला लागलं, पूर्वी पंधरा मिनिटं लागायची ते दोन मिनिटांत! प्रत्येक फाईलच्या कपाळावर तिच्या नमुन्याचा नंबर असतो, आणि ही नवी बाई तीनपासून पुढचेच वाचते. आमची यादी नंबर एक. सगळ्यात थोरली! म्हणून बाहेर!

आता मला सांगा, नवं झालं म्हणजे जुन्याला ओळख द्यायची नाही, असं कुठं लिहिलंय?

ललिता हळूच म्हणाली, 'लिहिलं होतं, नाना.'

'काय?'

'दोन वर्षं पिवळ्या अक्षरांत सूचना येत होती. पुढच्या आवृत्तीत जुना नमुना बंद होईल, फाईली बदलून घ्या.'

'मग?'

'मग काय… काम चालू होतं ना. कोण वाचतं?'

त्या क्षणापासून, तुम्हाला सांगतो, ती पोरगी मला आवडायला लागली. आपल्यातलीच निघाली!

पण ती पुढं म्हणाली ते वाईट होतं. चुडामणला म्हणाली, 'आबा, नऊला आणि चौदाला ही फाईल उघडली होती ना? तेव्हाची लायब्ररी एक नंबरही वाचायची. तेव्हा एकदा जरी सेव्ह केली असती, तर आपोआप नव्या नमुन्यात गेली असती. कोणी केलीच नाही.'

प्रकाशभाऊ चष्म्यातून चुडामणकडे बघायला लागला. मी चुडामणकडे बघायला लागलो. कारण आम्हा तिघांना आठवत होतं! नऊ साली प्रकाशभाऊनं विचारलं होतं, 'सेव्ह करू का?' आणि हा चुडामण दोन्ही हात पसरून कॉम्प्युटरपुढं आडवा झाला होता, 'हात नका लावू! भागानं जशी सांगितली तशीच राहू द्या!' चौदालाही तेच. तिची यादी बिघडू नये म्हणून हा माणूस दोनदा तिच्या राखणीला उभा राहिला, आणि त्या राखणीपायीच ती बंद पडली. चुडामणनं टोपी काढली.

मी म्हटलं, 'पोरी, ती जुनी लायब्ररी मेली का? जाळली का तिला?' ललिता थांबली. म्हणाली, 'मेली नाही… नेटवर ठेवलेली असते त्यांनी. पण नवी काढून जुनी घातली तर माझी बाकीची कामं बंद पडतील.' म्हटलं, 'मग दोघींना ठेव.' म्हणाली, 'भांडतात, नाना.' म्हटलं, 'भांडणारच! सासू-सुना आहेत त्या. वेगळी चूल दे ना जुनीला! मागची खोली दे!' तर ती हसायला लागली आणि म्हणाली, 'तसं करता येतं.' करता येतं! बघा! सातवी नापास! तिनं त्याच कॉम्प्युटरात एक वेगळी खोली केली, त्यात जुनी लायब्ररी आणून बसवली, नवीला पत्ता लागू दिला नाही. मग म्हणाली, जुनी वाचेल, नवी लिहील, मधे मी ओतणारा प्रोग्राम लिहिते. आम्ही शेवभाजी खाऊन आलो तोवर तयार.

आणि चालू झालं! एक, हेमराज मामा. दोन. तीन. पडद्यावर नावं सरकताहेत आणि चुडामण प्रत्येक नावाला मान हलवतोय, जसं काही ती माणसं दारातून आत येताहेत. पुना पाटील, वारला. दोंडाईच्याची धनीबाई आत्या, वारली. पण यादीत? यादीत सगळे ठणठणीत! कोणाच्या नावापुढं 'कैलासवासी' नाही, कोणाच्या गुडघ्याला पट्टा नाही, सगळे दोन हजार तीन सालचे, जेवायला तयार! मला क्षणभर वाटलं आता पंगतीत भांडण सुरू होणार. चव्वेचाळीस… नव्वद… एकशे सोळा…

टुक. थांबलं.

ललितानं वाचलं. 'एकशे सतरा. श्री. प्रेमराज. नातं, घरचाच… हे नातं नव्या नमुन्यात चालत नाही. मामा, मावसा, आत्या, भाऊबंद, मित्र, यातलंच पाहिजे. मोबाईल नंबर काय, सगळ्यांचेच मागून भरायचेत, पण नातं आधी लागतं. आबा, कोण हे?'

मी भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या तिथ्या वाचायला लागलो.

चुडामण म्हणाला, 'तिच्या माहेरचा कोणीतरी. सुरतेला असतो.' ललिता म्हणाली, 'माहिती नसेल तर हे एक नाव गाळून पुढं जाऊ?' आणि चुडामण ताडकन उठला. 'नाही! तिनं सांगितलेलं एकही नाव गाळायचं नाही!' आणि लागला फोन करायला. यावलला मेव्हण्याला फोन. 'तुमच्यात प्रेमराज कोण?' 'आमच्यात कोणी नाही, पण तुम्ही बरे ना?' मुक्ताईनगरला फोन. तिथली म्हातारी म्हणाली, प्रेमराज नावाचा एक होता, तो पळून गेला. लगेच चुडामणचे डोळे चमकले, 'कधी पळाला? सुरतेला पळाला का?' मग म्हणतो, 'उखर्डू, मी उद्या सुरतेला जातो. भागानं त्याला घरचाच म्हटलंय, म्हणजे फार जवळचा असणार. तिच्या जाण्याचं त्याला कोणी कळवलंही नसेल रे.'

बघा, मी आयुष्यात खूप माणसं फसवली. गावाच्या पाटलाला गाढवाचं दूध पाजलंय, ग्रामसेवकाला स्मशानात घर दाखवलंय. कधी जड गेलं नाही. पण पंचाहत्तर वर्षांचा माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, एका बैलाला बायकोच्या मरणाची बातमी द्यायला सुरतेला निघालाय… मी म्हटलं, 'चुडामण, बस. तो सुरतेला नाही. निंबाखाली आहे.' आणि सगळं सांगितलं. रस, माठ, सगळं.

मला वाटलं हसेल. किंवा मारेल, ते तर बरंच! त्यानं टोपीसुद्धा काढली नाही. नुसता म्हणाला, 'तिच्या यादीत? तिला वाचता येत नव्हतं म्हणून?' आणि ललिताकडे वळून म्हणाला, 'बेटा, ते नाव काढ. आणि त्याच्या खालचंही काढ.'

खालचं म्हणजे माझं! एकशे अठरा! अहो, पासष्ट वर्षांची दोस्ती, आणि मी पडद्यावर बघतोय, त्या पोरीचं बोट बटणावर! त्या क्षणी मला कळलं, माझं नाव जगात आणखी कुठं लिहिलेलंच नाही. रेशनकार्डावर आहे, पण तिथं कोणी जेवायला बोलवत नाही.

आणि तेवढ्यात गल्ल्यामागून प्रकाशभाऊ ओरडला, 'थांब! ललिता, शेरा कुठं गेला?'

'कसला शेरा?'

'माझ्या प्रोग्रामात प्रत्येक नावापुढं शेऱ्याचा रकाना होता! बाई बोलायची ते सगळं मी त्यात टाकलंय!' बावीस वर्षांनी त्याच्या प्रोग्रामला भाव आला, उठून उभा राहिला म्हातारा! ललिता म्हणाली, नव्या नमुन्यात तो रकानाच नाही, म्हणून ओतताना गळून पडला असेल. मग तिनं ओतणं थांबवलं आणि त्या मागच्या खोलीतल्या म्हातारीलाच सांगितलं, जशी आहे तशी वाच.

आणि भागावहिनी बोलायला लागली.

काय सांगू तुम्हाला! एक नंबर, हेमराज मामा: 'याले साखर शे, गोड वाढू नका, मांगी तरी.' सात नंबर: 'याले पयले सांगा, नहीते रुसस.' तेवीस, धनीबाई आत्या: 'हाई लगेच रडस, कोनी तरी जोडे बसा.' जोडे म्हणजे शेजारी. ललिता वाचतेय, तिला अहिराणी येत नाही, अडखळत वाचतेय, तरी आवाज वहिनीचाच! चुडामण खुर्ची ओढत ओढत पडद्याला नाक लावून बसला. मी म्हटलं, 'पोरी, एकशे सतरा सोड, पुढं जा.' तिनं ऐकलं नाही. आमच्यातलीच ना!

एकशे सतरा. श्री. प्रेमराज. शेरा: 'हाऊ उखर्डूना बैल शे. माले माहीत शे. त्याले सांगू नका. पोळी द्या.'

आता बोला! मी बाहेर खांबाला धरून हसत होतो तेव्हा ही बाई आत बसून हे लिहवून घेत होती! प्रकाशभाऊ म्हणाला, 'हो हो, तुम्ही बाहेर गेलात तेव्हाच, आता आठवलं!' आता आठवलं! बावीस वर्षांनी! बावीस वर्षं मी मिशीला पीळ देत फिरलो, आणि तालुक्यात फसलेला एकच माणूस होता, तो मी!

ललितानं पुढची ओळ वाचली. 'एकशे अठरा. उखर्डू. शेरा: याले सांगानी गरज नही, येसच. याना घर कोनी नही. डबा भरी द्या, पन याले दखू देऊ नका.'

आता मी पंगतीतून उठताना दर वेळी मागच्या दारानं जायचो, आणि तिथं ओट्यावर कोणाचा तरी भरलेला डबा विसरलेला असायचा. तो मी गुपचूप उचलून न्यायचो. मला वाटायचं मी पळवतो. वर्षानुवर्षं! एवढा हुशार मी, कधी विचार केला नाही की डबा विसरणारा माणूस दर लग्नात एकाच ओट्यावर कसा विसरतो…

मग चुडामणचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, आता हा रडतोय, टोपी न काढता. जवळ जाऊन बघतो तर हसत होता! डोळ्यांतून पाणी, आणि हसतोय! 'बैल!' म्हणाला मला. 'दोन्ही ठेव, बेटा. आणि तो शेऱ्याचा रकाना नव्या नमुन्यात पण कर.' ललिता म्हणाली, 'आबा, आता तरी सेव्ह करू?' चुडामणनं दोन्ही हात उचलले, मग खाली घेतले. म्हणाला, 'कर. पण जुनी पण राहू दे, मागच्या खोलीत.'

'आणि प्रेमराजचं नातं काय टाकू?'

'भाऊबंद टाक. याचा. मोबाईलही याचाच टाक.'

लग्न झालं गेल्या गुरुवारी. वहिनीच्या क्रमानं आवतणं गेली, जे गेले त्यांच्या पोरांना गेली, एक माणूस रुसला नाही. मी पंगतीतून उठलो, सवयीनं मागच्या दारानं निघालो. ओट्यावर डबा. मी तो सगळ्यांसमोर, ताठ मानेनं, डोक्यावर धरून नेला. आणि दोन पोळ्या… हां, निंबाखाली.

पण मी म्हणतो, एवढं सगळं झालं, आता तरी माझा मान राहील की नाही? काल ललिताच्या कॉम्प्युटरनं सगळ्या पाहुण्यांना आभाराचे मेसेज पाठवले. माझ्या फोनवर दोन आले. पहिला: 'श्री. प्रेमराज यांस सप्रेम नमस्कार, आपल्या उपस्थितीनं शोभा वाढली.' आणि त्याच्या मागून दुसरा: 'उखर्डू यांस.' नुसतं उखर्डू! बैलाला श्री., मला काही नाही! मी लगेच फोन लावला. म्हटलं, 'पोरी, माझ्या नावापुढं एक श्री. तरी लाव!'

म्हणते कशी, 'नाना, जुन्या यादीला हात लावायचा नाही.'